इंजिनाच्या पुनर्बांधणीनंतर मोटरसायकल तापते : निदानाची क्रमबद्ध पद्धत

विस्तार कार्यकर्ता शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा १०० सी.सी.च्या मोटरसायकलवरून. दूध संकलन केंद्रावर कॅन नेणे, बाजारातून बियाणे व औषधे आणणे ही शेतकऱ्याची दैनंदिन कामेही हेच वाहन करते. या वर्गातील चार-स्ट्रोक इंजिनाचा देशातील प्रसार राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातून सुरू झाला. हीरो होंडाची सी.डी. १०० ही मोटरसायकल १९८५ मध्ये हरियाणातील धारूहेडा येथील कारखान्यातून बाहेर पडली. पुढे तिच्याच धर्तीची ९७.२ सी.सी. क्षमतेची इंजिने गावोगावी पोहोचली. आज त्यांपैकी अनेक जुन्या इंजिनांचे एकदा किंवा अधिक वेळा काम निघालेले असते. नवा पिस्टन, नव्या रिंगा, बोअर केलेला सिलिंडर, घासून बसविलेले व्हॉल्व्ह असा सारा खर्च करून गाडी घरी येते आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर इंजिन असह्य तापू लागते.

अशा वेळी इंजिन पुन्हा संपूर्ण खोलणे किंवा ‘नवीन काम आहे, तापणारच’ असे म्हणून तसेच चालवणे असे दोन मार्ग सहसा अवलंबिले जातात. दोन्ही महाग पडतात. पहिल्यात चांगले बसलेले भाग विनाकारण उघडले जातात. दुसऱ्यात पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊन धावत्या गाडीचे मागचे चाक अडकण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात तिसरा मार्ग मांडला आहे. तो शेतीशास्त्राच्या वाचकांना परिचित आहे, कारण प्रक्षेत्र चाचणीची शिस्तच येथे लागू होते : तुलनेसाठी नियंत्रण घ्यावे, एका वेळी एकच घटक बदलावा आणि प्रत्येक निरीक्षणाची नोंद ठेवावी.

उष्णता किती आणि ती जाते कोठे?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी आणि लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी तासाला सुमारे ०.८३ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजेच इंजिनात दर क्षणी सुमारे ७.४ किलोवॉट इतकी उष्णता निर्माण होते. तिचा लहानसा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो, मोठा हिस्सा सायलेन्सरवाटे जातो आणि ढोबळमानाने दोन किलोवॉट उष्णता सिलिंडर, हेड व तेल यांच्यामार्फत हवेत सोडावी लागते. पाणी तापवण्याच्या एक-एक किलोवॉटच्या दोन विद्युत सळ्या अखंड चालू ठेवल्यासारखेच हे आहे. हे काम सिलिंडरवरील फिन्स व त्यांच्यामधून वाहणारा वारा करतो.

हवामानाचा परिणाम यावरून समजतो. फिन्सचे तापमान १५० अंश व हवेचे २५ अंश असल्यास फरक १२५ अंशांचा असतो. दिल्ली, हरियाणा किंवा विदर्भात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की हा फरक १०५ अंशांवर येतो. तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी फिन्सना १७० अंशांपर्यंत चढावे लागते. म्हणजे हिवाळ्यात बिनतक्रार चाललेले पण काठावरचे काम उन्हाळ्यात उघडे पडते. उन्हाळा हे दोषाचे मूळ कारण नसते. तो दोष दाखवून देतो.

इंजिन खरोखर तापते आहे काय?

निदानापूर्वी मोजमाप विश्वासार्ह असले पाहिजे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअसची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. नंतर भारतीय हवामानशास्त्र विभागाने तपासणी केली, तेव्हा तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. इंजिनाच्या बाबतीत तर बहुतेकांजवळ संवेदकही नसतो. ‘पाय भाजतो’, ‘वास येतो’ एवढ्यावरच निर्णय होतो.

इन्फ्रारेड तापमापी आता माफक किमतीत मिळतो. कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा अवजार बँकेकडे असा एक असणे उपयुक्त ठरेल. मात्र तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखल्यास प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. त्यासाठी हेडवर, प्लगच्या शेजारी, नाण्याएवढ्या जागेवर सायलेन्सरला मारतात तो उष्णतारोधक मॅट काळा रंग लावावा आणि नेहमी त्याच ठिकाणी, तेवढ्याच अंतरावरून मोजावे.

आकडा स्वतंत्रपणे फारसे सांगत नाही. त्यासाठी नियंत्रण हवे. त्याच मॉडेलची, चांगल्या स्थितीतील दुसरी गाडी घ्यावी. दोन्ही गाड्या एकाच वेळी, त्याच रस्त्यावर, सारख्या वजनासह आणि सारख्या वेगाने २० मिनिटे चालवाव्यात व थांबताक्षणी तापमान घ्यावे. दोन्हींमध्ये थोडाच फरक असेल तर तक्रार बहुधा ऋतूची किंवा वापराची आहे. फरक मोठा असेल तर दोष इंजिनात वा गाडीत आहे.

नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर बसेपर्यंत घर्षण अधिक असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत थोडी अधिक उष्णता स्वाभाविक आहे. येथे ओळखण्याची खूण अशी : फरक दररोज कमी होत असेल तर इंजिन बसत आहे, फरक स्थिर राहिला किंवा वाढला तर ते ‘नवीन काम’ नव्हे, दोष आहे.

पहिली पायरी : वंगण

तेलाची तपासणी सर्वांत आधी करावी, कारण तेलाविना इंजिन काही मिनिटांतच निकामी होते. उत्पादकाच्या मार्गदर्शिकेत सामान्यतः तेलाचे दोन आकडे असतात : एक नेहमीच्या तेलबदलाचा आणि दुसरा संपूर्ण खोललेल्या इंजिनाचा. दुसरा आकडा मोठा असतो, कारण कोरड्या झालेल्या वाहिन्या व क्लचची जागा भरावी लागते. पुनर्बांधणीनंतर पहिल्याच आकड्याप्रमाणे तेल घातले तर ते सुरुवातीपासून कमी पडते. इंजिन एकदा चालवून, थोडा वेळ थांबून, गाडी सरळ उभी करून पातळी पुन्हा पाहावी.

तेल पुरेसे असूनही ते हेडपर्यंत पोहोचत नसेल, हा दुसरा संभव. या वर्गातील अनेक इंजिनांत तेल सिलिंडरमधील एका अरुंद वाटेने कॅमशाफ्टकडे चढते. गॅस्केट उलटे बसले, ओ-रिंग राहून गेली, किंवा गॅस्केटवर लावलेला द्रवरूप सीलंट अधिक होऊन वाटेत शिरला, तर ही वाट बंद होते. थंड इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावे आणि टॅपेटचे झाकण उघडून पाहावे. थोड्याच वेळात आतील भाग ताज्या तेलाने ओले झाले पाहिजेत. कोरडे दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करावे; पुढील कोणतीही चाचणी गाडी चालवून करू नये.

दुसरी पायरी : इंजिनाबाहेरील कारणे

इंजिन खोलताना मागचे चाक, साखळी, क्लचची तार व सायलेन्सर यांनाही हात लागलेला असतो. म्हणून पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

१. ब्रेक : गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. ते सहज फिरत नसेल तर ब्रेक घट्ट आहे, साखळी अति ताणलेली आहे किंवा बेअरिंग खराब आहे. ब्रेक घासत चाललेली गाडी म्हणजे दिवसभर चढ चढणारी गाडी.

२. क्लच : चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरत आहे. तारेला ढिलाई नसणे हे एक कारण. मोटारीचे इंजिन ऑइल वापरणे हे दुसरे. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असल्याने डब्यावर ‘जासो एम.ए.’ ही खूण असलेलेच तेल वापरावे.

३. सायलेन्सर : महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशीचे मातीचे घर आढळू शकते. दुरुस्तीच्या वेळी धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेला फडक्याचा बोळाही आतच राहून जातो. बाहेर पडणाऱ्या धुराचा जोर हाताचा पंजा दूर धरून अजमावता येतो.

४. फिन्स : चिखल, भुसा, जाड रंगाचे थर आणि पुढे टांगलेल्या पिशव्या वाऱ्याची वाट अडवतात. फिन्स ब्रशने स्वच्छ कराव्यात. तापलेल्या इंजिनावर पाणी कदापि ओतू नये.

तिसरी पायरी : मिश्रण आणि ठिणगी

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की मिश्रण हलके होते, ज्वलन लांबते व उष्णता वाढते. पुनर्बांधणीनंतर याचे नेहमीचे कारण म्हणजे कार्बोरेटर व हेड यांच्यामधील सांध्यातून शिरणारी जादा हवा. तेथील ओ-रिंग चपटी झालेली असते किंवा काळा इन्सुलेटर वाकडा आवळलेला असतो. इंजिन मंद गतीवर ठेवून या सांध्यावर साबणाचे पाणी थेंबथेंब सोडावे. गती बदलली तर सांधा गळत आहे. पेट्रोल शिंपडून ही चाचणी करण्याची पद्धत आगीला निमंत्रण देणारी असल्याने टाळावी.

दुसरी सोपी चाचणी चोकची आहे. मोकळ्या रस्त्यावर, स्थिर वेगात चोक किंचित ओढावा. गाडी दबली तर मिश्रण ठीक आहे; उलट ती अधिक सुरळीत ओढू लागली तर मिश्रण हलके आहे. मग मेन जेट, फ्लोटची पातळी, टाकीचा कॉक व टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र तपासावे. प्लगचा पांढरट रंग हा दुय्यम पुरावा मानावा.

येथे इथेनॉलमिश्रित इंधनाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण त्याचा कच्चा माल आपल्याच शेतात पिकतो. पूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणून २० टक्के मिश्रणास साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. इंधन-इंजेक्शन व ऑक्सिजन संवेदक असलेली नवी वाहने याची भरपाई स्वतः करतात. जुन्या कार्बोरेटरला ती करता येत नाही आणि त्याचे मिश्रण काही टक्क्यांनी हलके होते. निर्दोष इंजिनाला हा फरक सहसा सोसतो. पण सांधा आधीच गळत असेल तर दोन्ही परिणामांची बेरीज होते. त्यामुळे इंधनाला दोष देण्यापूर्वी सांधा तपासावा, आणि पुनर्बांधणी करतानाच रबरी भाग नवे घालावेत.

ठिणगी उशिरा पडली तर ज्वलन सायलेन्सरच्या नळीपर्यंत चालू राहते. संध्याकाळी हेडजवळची नळी लालसर दिसू शकते. ठिणगी लवकर पडली तर चढावर टकटक आवाज येतो आणि पिस्टनचा माथा तापतो. मॅग्नेटची चावी झिजली किंवा कापली गेली असल्यास टायमिंग सरकते. टायमिंग लाइटने खूण जुळते का, हे कोणत्याही सुसज्ज गॅरेजमध्ये पाहता येते.

चौथी पायरी : हेड उघडण्याआधी टॅपेट व टायमिंग चेन

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बैठकीला टेकलेला असतानाच हेडला देतो. टॅपेटची फट फार कमी ठेवली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, उष्णता अडकते आणि व्हॉल्व्ह जळतो. ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. त्यामुळे अंदाज चालत नाही. मार्गदर्शिकेतील आकडा घेऊन, इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने ती ठेवावी. घासून बसवलेले व्हॉल्व्ह पहिल्या काही शे किलोमीटरांत आणखी बसतात व फट घटते, म्हणून ती पुन्हा तपासणे अनिवार्य आहे.

टायमिंग चेन एका दाताने चुकली तरी इंजिन सुरू होते, हा भ्रम निर्माण करणारा भाग आहे. क्रँकवरील चक्राला १४ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे जवळजवळ २६ अंश. एवढ्या फरकाने ओढ कमी होते, चालक ॲक्सिलरेटर अधिक पिळतो आणि इंजिन तापते. गाडी तापतेही आणि ओढतही नाही, अशी जोडतक्रार असल्यास खुणा प्रथम पाहाव्यात.

पातळ गॅस्केटचाही विचार करावा. समजा, सिलिंडर ९७ सी.सी.चा, व्यास ५० मि.मी.चा आणि दाबगुणोत्तर ८.८ आहे. अर्धा मिलिमीटर पातळ गॅस्केट घातल्यास ज्वलनकक्ष सुमारे एक सी.सी.ने घटतो आणि गुणोत्तर ९.४ च्या पुढे जाते. यातून टकटक व उष्णता दोन्ही वाढतात.

पाचवी पायरी : पिस्टन व सिलिंडरमधील फट

वरील सर्व निर्दोष आढळल्यावरच सिलिंडर काढावा. येथील मुख्य प्रश्न फटीचा आहे. ५० मि.मी. व्यासाच्या इंजिनात नव्या पिस्टनची फट साधारणतः ०.०१५ ते ०.०४५ मि.मी. असते. पिस्टनच्या ॲल्युमिनियमचा प्रसरण गुणांक सुमारे २० दशलक्षांश प्रतिअंश धरला, तर पिस्टन सिलिंडरपेक्षा केवळ ३० अंशांनी अधिक तापला तरी तो ०.०३ मि.मी.ने फुगतो. म्हणजे सर्वसाधारण फटीचा बहुतेक भाग तेवढ्यातच संपतो. बोअर करणाऱ्याने ‘जरा घट्टच ठेवू, जास्त टिकेल’ असे म्हणणे किती घातक आहे, हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

अशा इंजिनाची खूण ठरलेली असते. ते थंड असताना किक हलकी जाते. तापल्यावर बंद करून लगेच किक सावकाश दाबली तर जड लागते. आणि थंड झाल्यावर पुन्हा हलकी होते.

सिलिंडर काढल्यावर बोअर गेजने वर, मध्ये व खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी व्यास मोजावा. पिस्टन मायक्रोमीटरने, पिनेला काटकोनात, खालच्या कडेजवळ मोजावा. पिस्टनचा वरचा भाग मुद्दाम लहान ठेवलेला असल्याने तेथील माप फसवे ठरते. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फटही पाहावी. रिंगचा परीघ सुमारे १५७ मि.मी. असतो, ती सिलिंडरपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली तर जवळजवळ ०.१७ मि.मी.ने लांबते. टोके एकमेकांना टेकली की भिंत ओरखडली जाते.

एक उदाहरण

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सोनीपत जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची पुनर्बांधणी झालेली गाडी ४५ किलोमीटर वेगाने २० मिनिटांनंतर प्लगशेजारी १८५ अंश दाखवते. नियंत्रण गाडी १४० अंश. तेल योग्य, हेडपर्यंत पोहोचते. मागचे चाक जड फिरते. ब्रेक सैल केल्यावर तापमान १७५ अंश. फरक घटला, पण संपला नाही. चोक किंचित ओढल्यावर गाडी सुरळीत ओढते. सांध्यावर साबणाचे पाणी सोडताच गती बदलते. ओ-रिंग बदलल्यावर तापमान १४५ अंशांवर येते. सिलिंडरला हातही लागला नाही. ब्रेक व ओ-रिंग एकाच वेळी दुरुस्त केले असते, तर कोणत्या दोषाचा वाटा किती हे कळले नसते आणि पुढच्या गाडीसाठी काहीच शिकायला मिळाले नसते.

फवारणी पंपाचे दोन-स्ट्रोक इंजिन

पाठीवरच्या फवारणी पंपाला व गवत कापणी यंत्राला हीच पद्धत लागू पडते. फरक वंगणाचा आहे. ज्या दोन-स्ट्रोक इंजिनांत वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, तेथे तेल विसरणे म्हणजे कोरडे इंजिन चालवणे होय. प्रमाण उत्पादकाने दिलेलेच ठेवावे आणि मापानेच मिसळावे. या इंजिनांत मिश्रण हलके झाले की पेट्रोलबरोबर तेलही कमी पडते, म्हणून नुकसान अधिक वेगाने होते. पंख्याच्या जाळीत अडकलेला पाला व वाळलेले औषध दर वापरानंतर काढावे.

सुरक्षितता आणि नोंद

चालत्या गाडीची ओढ अचानक कमी झाली व आवाज घट्ट वाटला, तर तत्क्षणी क्लच दाबावा, गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करून पूर्ण निवू द्यावे. लगेच किक मारू नये. नव्या कामानंतरच्या पहिल्या ५०० किलोमीटरांत वेग मर्यादित पण बदलता ठेवावा, जड ओझे टाळावे, उभ्या गाडीचे इंजिन फार वेळ चालू ठेवू नये आणि पहिले तेल लवकर बदलावे.

गॅरेजमधून गाडी घेताना चार आकडे लेखी मागावेत : सिलिंडरचा व्यास, पिस्टनचा व्यास, रिंगेच्या टोकांची फट आणि टॅपेटची फट. ज्याने मोजले आहे त्याला ते देण्यास अडचण येत नाही. या चार आकड्यांसोबत तारीख, किलोमीटर, हवेचे तापमान, इंजिनाचे तापमान आणि केलेला एकमेव बदल अशी नोंद वहीत ठेवावी. विस्तार कार्यकर्त्यांनी अशा नोंदी गावपातळीवर एकत्र केल्यास कोणता दोष वारंवार येतो ते दिसून येईल आणि शेतकऱ्यांचा दुसऱ्यांदा इंजिन खोलण्याचा खर्च वाचेल.